पटावरची ऑटोमॅटिक

ज्याने शंकरपट पाहिला आहे त्याला ड्रॅग रेस समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. शेजारी-शेजारी दोन धावपट्ट्या, प्रत्येकीवर एक जोडी, मागे धुरकरी, समोर सरळ रेषा आणि टोकाला सेकंदांचा हिशेब ठेवणारं घड्याळ. बैलजोड्यांच्या जागी दोन मोटारी उभ्या केल्या की झाली ड्रॅग रेस. वळण नाही, घाट नाही, फेऱ्या नाहीत. उभ्या जागेवरून सुटायचं आणि ठरलेलं अंतर समोरच्याच्या आधी तोडायचं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वरवट बकालमध्ये हा विषय आता पोरांच्या बोलण्यात वरचेवर येतो. कपाशी-सोयाबीनच्या पैशातून किंवा पुण्यातल्या नोकरीच्या पगारातून घरात नवी गाडी येते आणि ती अनेकदा ऑटोमॅटिक असते. घरातल्या सगळ्यांना चालवायला सोपी, शेगावच्या गर्दीत क्लच दाबून पाय दुखत नाही, म्हणून घेतलेली. मग फोनवर शर्यतींचे व्हिडिओ पाहिलेला एखादा पोरगा विचारतोच, ‘काय भाऊ, आटोमॅटिकनं रेस मारता येते काय? का त्याले गिअरचीच गाडी लागते?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर काळानुसार बदलत आलं आहे. एके काळी ऑटोमॅटिक म्हणजे आळशी गाडी असं सर्रास मानलं जाई. आज शोरूममधून थेट धावपट्टीवर नेलेल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांमध्ये क्लचचं पेडल असलेली गाडी शोधावी लागते. हा बदल कसा झाला, आपल्याकडच्या कोणत्या ऑटोमॅटिकला तो लागू पडतो आणि या वेगाला वऱ्हाडात जागा कुठे आहे, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यंत्राचा प्रश्न सुटला आहे. मैदानाचा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो सुटेपर्यंत पहिल्या उत्तराचा आनंद घेणं धोक्याचं आहे.

पाव मैलाचा हिशेब

ड्रॅग रेसचं रूढ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरण असतात. गाडीचं पुढचं चाक त्या किरणात आलं की गाडी ‘उभी’ राहिली असं धरतात. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे लागतात आणि मग हिरवा. दिव्यांचा हा खांब अमेरिकेत १९६३ पासून वापरात आला. त्याआधी एक माणूस झेंडा उडवत असे.

नवख्याचा गोंधळ होतो तो घड्याळाबाबत. धावेची वेळ मोजणारं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. म्हणून एखाद्या गाडीची धाव कमी सेकंदांची असूनही ती शर्यत हरू शकते, कारण चालक उशिरा सुटलेला असतो. तिसरी मोजणी पहिल्या ६० फुटांची. सुरुवातीच्या या अठरा मीटरांत वाचलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटच्या रेषेपर्यंत साधारण दीडपट होऊन पदरात पडतो. चौथी मोजणी रेषा ओलांडतानाच्या वेगाची. इंजिनात किती दम आहे ते या वेगावरून कळतं आणि तो दम रस्त्यावर किती नीट उतरला ते वेळेवरून कळतं.

या खेळाला शिस्त लावणारी संघटना वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत स्थापन केली, ती नॅशनल हॉट रॉड असोसिएशन. गावोगावच्या रस्त्यांवर रात्री-बेरात्री होणाऱ्या शर्यती बंदिस्त पट्टीवर आणणं हा तिचा एक मोठा उद्देश होता. पोरांना गाड्या पळवायच्याच असतील तर त्यांना जागा द्या, तपासणी द्या, घड्याळ द्या, हा विचार या खेळाच्या मुळाशी आहे. वऱ्हाडाकडे वळताना तो लक्षात ठेवायला हवा.

जहाजातलं तेल मोटारीत

ऑटोमॅटिकची गोष्ट सुरू होते जहाजापासून. हेर्मान फ्यॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पुढे नेणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. पुढे तीच कल्पना टॉर्क कन्व्हर्टर म्हणून मोटारीत आली. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, ते तेल समोरच्या पात्यांना फिरवतं, आणि परत येणाऱ्या तेलाची दिशा मधलं तिसरं चाक अशी वळवतं की त्याचा जोर पुन्हा कामी येतो. गाडी उभी असताना, म्हणजे नेमक्या सुटण्याच्या क्षणी, इंजिनाचा पीळ त्यामुळे साधारण दुप्पट होऊन गिअरपर्यंत पोचतो. इथे क्लच प्लेट घासत नाही, तेल सगळा ताण सोसतं.

जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबाइलसाठी बाजारात आली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरऐवजी साधी द्रव-जोडणी होती, पण चार गिअर आपोआप पडत. शेवरोलेची दोन गिअरची पॉवरग्लाइड १९५० मध्ये आली आणि क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट १९५६ मध्ये. कुटुंबासाठी बनवलेल्या या गाड्या सुखाच्या होत्या, पण तेलाच्या घसरणीत शक्ती वाया जाई, वजन जास्त असे आणि गिअर थोडे असत. ‘ऑटोमॅटिक म्हणजे सुस्त’ हा समज त्या काळात रुजला आणि रस्त्यावरच्या गाड्यांपुरता तो खराही होता.

धावपट्टीवरच्या मिस्त्रींना मात्र यात वेगळंच काही दिसलं. कॅलिफोर्नियातल्या बी अँड एम या कंपनीने १९५० च्या दशकातच हायड्रामॅटिक उघडून ती शर्यतीसाठी मजबूत करून द्यायला सुरुवात केली. कारण सरळ होतं. जोरदार इंजिनाचा क्लच झटक्यात सोडला की क्लच प्लेट जळते, नाही तर अर्ध्या वाटेत गिअर चुकतो. तेलावर सुटणारी गाडी प्रत्येक वेळी सारखीच सुटते. दोनच गिअरची पॉवरग्लाइड कारखान्यात १९७३ मध्ये बंद झाली, पण तिच्या रचनेवर बांधलेले गिअरबॉक्स ड्रॅगच्या पट्टीवर आजही धावतात. गिअर कमी, तुटण्यासारखे भाग कमी आणि पाव मैलात एकदाच गिअर बदलायचा.

याच वाटेवर ‘ट्रान्सब्रेक’ आला. यात गिअरबॉक्स पुढचा आणि मागचा गिअर एकाच वेळी धरून ठेवतो, त्यामुळे ब्रेकवर भार न पडता गाडी जागेवर घट्ट राहते आणि इंजिन पूर्ण रेसवर तयार असतं. बटण सोडलं की गाडी सुटते. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीत हे तंत्र पहिल्यांदा दिलं ते २०१८ च्या डॉज डीमनमध्ये. आठ गिअरची ही ऑटोमॅटिक गाडी ९.६५ सेकंदांत पाव मैल गेली आणि रेषेवर तिचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता.

आपल्याकडच्या चार तऱ्हा

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. पोराच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही ते त्यामुळे. गाडीच्या मागे काय लिहिलं आहे हे आधी पाहावं लागतं.

पहिली तऱ्हा एएमटी. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त ऑटोमॅटिक खेड्यापर्यंत पोचली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम चालकाऐवजी यंत्र करतं. ते काम यंत्र सावकाश करतं, कारण झटका कमी बसावा आणि क्लच टिकावा असं त्याला शिकवलेलं असतं. गिअर बदलताना गाडी क्षणभर दम घेते ती याचमुळे. शिवाय ब्रेक दाबलेला असेपर्यंत क्लच सुटलेलाच असतो, म्हणून ब्रेक आणि रेस एकदम दाबून जोर साठवण्याचा उपयोग होत नाही. ड्रॅगच्या दृष्टीने चारांत ही सगळ्यांत मागे. त्याच इंजिनाची हाताच्या गिअरची गाडी आणि हात बसलेला चालक असेल तर एएमटी साधारणपणे हरते.

दुसरी सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन शंकूसारख्या पुलींवर पट्टा मागे-पुढे सरकतो आणि प्रमाण सतत बदलत राहतं. इंजिन सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर रोखून धरता येतं, त्यामुळे कागदावर हीच आदर्श. प्रत्यक्षात पट्टा घसरू नये म्हणून सुटताना संगणक इंजिनाला आवर घालतो, आणि सुरुवातीचे ६० फूट हातचे जातात.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. तिच्या आजच्या सहा-आठ गिअरच्या पिढीत इंजिन आणि गिअर थेट जोडणारा आतला लॉक लवकर बसतो आणि घसरण फारशी उरत नाही. मोठ्या डिझेल एसयूव्हींमध्ये ही सर्रास असते. सुटण्याचा जोर, टिकाऊपणा आणि दर वेळची सारखी वागणूक या तिन्हींत ती पक्की.

चौथी ड्युअल क्लच. १, ३, ५ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. पहिल्यावर गाडी पळत असतानाच दुसरा तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो आणि जोर तुटत नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ही पद्धत ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर आजमावली. फोक्सवॅगनने २००३ मध्ये ती विक्रीच्या गाडीत आणली. यातल्या अनेक गाड्यांत ‘लाँच कंट्रोल’ मिळतं. डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबायचा, उजव्याने रेस पूर्ण द्यायची, संगणक इंजिनाच्या फेऱ्या ठरलेल्या जागी धरतो, आणि ब्रेक सोडला की चाकांना पेलवेल तेवढाच जोर जातो. उणीव उष्णतेची. विशेषतः कोरड्या क्लचच्या छोट्या गाड्यांना एकामागून एक असं सुटणं सोसत नाही.

हात आणि यंत्र

एकाच गाडीत दोन्ही गिअरबॉक्स मिळत असतील तर तुलना सोपी होते. २०२१ च्या पोर्शे ९११ जीटी ३ चे कारखान्याचे आकडे घ्या. ० ते १०० चा वेग ड्युअल क्लचवर ३.४ सेकंदांत, हाताच्या गिअरवर ३.९ सेकंदांत. इंजिन तेच, चाकं तीच, फरक अर्ध्या सेकंदाचा. सरावलेला माणूसही क्लच दाबून गिअर बदलताना सेकंदाचा लक्षणीय भाग घालवतो आणि तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही.

त्याहून मोठा फायदा सातत्याचा. ड्रॅगमध्ये ‘ब्रॅकेट’ नावाचा एक प्रकार आहे, आणि आपल्या भागासाठी मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. यात प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी जाहीर करतो. समजा एकाने १९ सेकंद सांगितले आणि दुसऱ्याने १५. तर पहिल्याला चार सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. दोघांनी आपापला शब्द पाळला तर शेवटच्या रेषेवर दोन्ही गाड्या एकत्र पोचतात. सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात गेलात तर बाद. इथे पैशाने विकत घेतलेली ताकद निकाल लावत नाही. गाडी किती नेमाने तशीच धावते आणि दिवा लागताच चालक किती नेमका सुटतो, यावर निकाल ठरतो. लहान इंजिनाची ऑटोमॅटिक एखाद्या महागड्या गाडीला या नियमाने रास्तपणे हरवू शकते. ब्रॅकेटच्या पट्टीवर ऑटोमॅटिकला इतका मान आहे तो या नेमामुळेच.

आणि या प्रवासाच्या टोकाला गिअरच नाहीसे झाले आहेत. ड्रॅगमधल्या सगळ्यांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ गाड्यांना बदलायला गिअर नसतात. थराथराने धरत जाणारा क्लचच सगळं काम करतो. रस्त्यावरच्या विजेच्या गाड्यांतही बहुधा बदलायला गिअर नसतात. क्रोएशियातल्या रिमाक कंपनीची नेवेरा २०२१ मध्ये ८.५८ सेकंदांत पाव मैल गेली. आणखी काही वर्षांनी ‘गिअरची का ऑटोमॅटिक’ हा प्रश्न आपल्या गावातही कुणी विचारणार नाही.

महाराष्ट्रातली पट्टी

या वेगाशी महाराष्ट्राचं नातं कारखान्यापासूनच आहे. २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय चाकणची. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरची ड्युअल क्लच. मध्यमवर्गीय घरात लाँच कंट्रोलच्या गप्पा सुरू झाल्या त्या अशा गाड्यांमुळे. २०१७ ची ऑक्टेव्हिया व्हीआरएस, २३० अश्वशक्तीची, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवली गेली. हौशी शर्यतकऱ्यांत तिचं नाव अजून आदराने घेतलं जातं. म्हणजे यंत्रासाठी आपल्याला परदेशाकडे पाहावं लागत नाही, ते घाट चढलं की मिळतं.

धावण्याची जागा म्हणून राज्यात सगळ्यांत ओळखीचं नाव लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीचं. तिथल्या खासगी विमानपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरते. मोटारी आणि मोटारसायकली, इंजिनाच्या आकारानुसार गट, देशभरातून येणारे स्पर्धक. तिथे रांगेत उभं राहिलं की कळतं, या खेळात खरा वेळ कशात जातो. तो जातो तपासणीत. हेल्मेट, पट्टा, ब्रेक, चाकं, इंधनाची गळती, बॅटरीची पकड. दहा-पंधरा सेकंदांच्या धावेसाठी दिवसभराची शिस्त. देशातल्या मोटारखेळाची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे आणि परवाने, नियम, पंच ही चौकट तिच्याकडून येते. वऱ्हाडाच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची मोठी जागा आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. वरवट बकालहून बऱ्हाणपूर-इंदूरच्या दिशेने पाहिलं तर ती जागा पुण्यापेक्षा जवळची वाटते.

उतरण्याआधी काय पाहावं

मान्य पट्टीवर, नोंदणी करून, कुणाला आपली ऑटोमॅटिक उतरवायची असेल तर पुढच्या गोष्टी त्याने मनात पक्क्या धराव्यात.

गिअरबॉक्सचं तेल हे या गाडीचं रक्त. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ब्रेक धरून रेस देताना इंजिनाची सगळी शक्ती त्या तेलात उष्णता होऊन उतरते. म्हणून हा प्रकार दोन-तीन सेकंदांपलीकडे नेऊ नये, आणि दोन धावांमध्ये गाडी निवांत थंड होऊ द्यावी. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली की संगणक इंजिन कापतो. सुरक्षेसाठी केलेली ती सोय तोडून टाकायच्या फंदात पडू नये.

न्यूट्रलमध्ये इंजिन तापवून झटक्यात ‘डी’ टाकणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. व्हिडिओत तो जोरकस दिसतो. आत मात्र मोकळं फिरणारं इंजिन थांबलेल्या गिअरवर आदळतं आणि क्लचचे थर, दांडे, जोड एका धक्क्यात ताण खातात. गिअरबॉक्स एकदा उघडला की त्याचा खर्च लहान गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. मिस्त्री काय सांगतो ते आधी ऐकावं.

हवामानही पाहावं. इंजिन हवा खातं, आणि तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी कमी भरते. अकोल्याच्या मे महिन्यातली धाव आणि डिसेंबरच्या सकाळची धाव या एकाच गाडीच्या दोन वेगळ्या वेळा असतात. टर्बो इंजिन यातलं काही भरून काढतं, पण तापलेलं तेल आणि तापलेला क्लच कुणीच भरून काढत नाही.

चाकांतली हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावी, टायर जुने असतील तर उतरूच नये. डिकीतलं सामान काढावं. घसरण रोखणारी यंत्रणा नवख्याने चालूच ठेवावी. आणि घरी परतायचं त्याच गाडीने आहे, हे सुटण्याआधी आठवावं.

काळ्या मातीवरचा रस्ता

आता आमच्या रस्त्याकडे येऊ. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी, भारी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते. तिच्यावर घातलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. डोळ्यांना सपाट वाटणारा पट्टा शंभरच्या वेगाला लाटांसारखा लागतो. चाक क्षणभर हलकं झालं की तेवढ्यात ब्रेकही निकामी आणि स्टिअरिंगही.

त्या रस्त्यावर आणखी कोण कोण असतं? कापूस भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बाया. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद गेला तर ३० ते ४० मीटर नुसते विचारात गेले. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. हा हिशेब कोणत्याही गिअरबॉक्सला बदलता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. असा सरळ, रुंद रस्ता दिसला की मोह होतो, हे मी समजू शकतो. पण सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बसला आग लागून २५ प्रवासी गेले, ती रात्र बुलढाणा जिल्हा विसरलेला नाही. त्या अपघाताचा शर्यतीशी काही संबंध नव्हता. पण रस्ता सरळ असला म्हणजे सुरक्षित असतो, ही समजूत त्या रात्रीनंतर कुणी बाळगू नये.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे एका विजेवरच्या भारी गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. निकाल न्यायालय देईल. मला त्यातून दिसतं ते असं, की पूर्वी ताकदवान गाडी वेगात न्यायला क्लच, गिअर, रेस यांचा मेळ बसावा लागे. तो मेळ बसेपर्यंत काही महिने, काही वर्षं जात आणि त्या काळात थोडी समजही येई. ऑटोमॅटिकने ही वाट काढून टाकली. आता वेगासाठी एक पाय पुरतो. यंत्राने शिकण्याचा काळ मिटवला, म्हणून तो काळ बाहेरून, घरातून आणि समाजातून, परत द्यावा लागेल.

कायद्याने आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. चावी कुठे टांगायची हा निर्णय घरातल्या मोठ्यांचा आहे.

पटाला परवानगी, मोटारीला मैदान

नुसता धाक पुरेसा असता तर शर्यती केव्हाच थांबल्या असत्या. यातून वाट कशी काढायची, हे शंकरपटानेच आपल्याला शिकवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. तेव्हा तळेगाव दशासरसारखे नावाजलेले पट थांबले. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची तपासणी होते, छळ चालत नाही. परंपरा टिकली ती नियम स्वीकारल्यामुळे.

मोटारींसाठी हेच करता येईल. वापरात नसलेली किंवा कमी वापराची विमानपट्टी, एखाद्या औद्योगिक वसाहतीतला बंद ठेवता येईल असा सरळ रस्ता, वर्षातून दोन दिवस. शासनाची लेखी संमती, मान्य संघटनेचे पंच, रुग्णवाहिका, अग्निशमन, दोन्ही बाजूंना मजबूत कठडे. पाव मैल जागा नसेल तर अर्ध्या अंतरावर, म्हणजे एक अष्टमांश मैलावर, सुमारे २०१ मीटरवर शर्यत घेता येते. जगात हे अंतरही मान्य आहे आणि त्यात वेग आटोक्यात राहतो. आणि प्रकार ब्रॅकेटचा ठेवावा. मग वरवट बकालच्या पोराची साधी ऑटोमॅटिक नागपूरच्या महागड्या गाडीसमोर मान वर करून उभी राहील. जाहीर करायचा तो आपला शब्द आणि पाळायचा तोही आपलाच. आपल्या पोरांना यापेक्षा चांगला धडा मोटारीतून देता येणार नाही.

जागा मोजताना एक घटना लक्षात ठेवावी. २१ जून २००८ रोजी अमेरिकेत इंग्लिशटाऊनच्या पट्टीवर स्कॉट कलिट्टा हा नामवंत चालक शेवटच्या रेषेपाशी इंजिनाचा स्फोट झाल्यावर गाडी थांबवू शकला नाही आणि गेला. त्यानंतर काही दिवसांतच सर्वांत वेगवान गटांसाठी पाव मैलाची शर्यत १,००० फुटांवर आणली गेली. पट्टी तीच राहिली, धावायचा भाग ३२० फुटांनी घटला आणि तेवढी जागा थांबण्यासाठी मिळाली. वेगावर जगणाऱ्या माणसांनी स्वतः होऊन वेगाकडून काढून थांबण्याला दिलेले ते ३२० फूट आहेत.

म्हणून ज्या पोराने मला विचारलं, ‘आटोमॅटिकनं रेस मारता येते काय?’, त्याला माझं उत्तर असं आहे. येते, बाबा. चांगली ऑटोमॅटिक असेल तर तुझ्या हातापेक्षा ती लवकर आणि नेमकी गिअर टाकेल. फक्त उभं राहण्याआधी शेवटच्या रेषेच्या पलीकडे बघ. पटावरचा जाणता धुरकरीही जोडी सोडण्याआधी तिकडेच बघतो. तिथे जोडी थांबवायला मोकळं शिवार असेल तरच तो तिला हाक देतो.